रविवारी दवाखाना बंद राहील

ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे जो रस्ता जातो, त्याच्यावर पिंपळबोडी लागतं. तिथल्या डॉक्टर रंजीता रामटेके यांच्याविषयी आजूबाजूच्या खेड्यांतले लोक मोठ्या कौतुकानं बोलत. पोळा असो, दिवाळी असो, की मॅडमच्या घरचं कार्य असो, दवाखान्याचं दार कधी बंद दिसायचं नाही. धाकट्या नणंदेच्या लग्नात त्रिशरण-पंचशील आटोपलं आणि मंडपात कुणी शोधेपर्यंत रंजीता मागच्या वाटेनं दवाखान्यात पोचलीसुद्धा होती. कुणाच्या तरी लेकराला फणफणून ताप आला होता. नणंद पुढं कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. लोकांना मात्र ती गोष्ट सांगायला पुरली. "आमची मॅडम अशी आहे," ते पाहुण्यारावळ्यांना सांगत.

रंजीताला स्वतःला त्यात कौतुक करण्यासारखं काही वाटत नसे. तिचे वडील श्रीहरी नागभीडला रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रुळावरून चालत, खिळे ठोकत त्यांनी जन्म काढला आणि पोरीला डॉक्टर केलं. तिचा निकाल लागला तेव्हा वस्तीतल्या विहारात बुंदी वाटली होती. घरी परतताना बाप म्हणाला, "तू एकटी नाई शिकली, रंजी. तुह्यासंगं अख्खी वस्ती शिकली. हे ध्यानात ठेव." तिनं ते असं ध्यानात ठेवलं की नागपूरची नोकरी सोडून ती इकडे आली. बाप गेला तेव्हा जलदान विधी झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी ती खुर्चीवर बसलेली होती. जरा रिकामं बसलं की तिला आपण कुणाचं तरी काही बुडवतो आहोत असं वाटायला लागे.

नवरा राजदीप ब्रह्मपुरीच्या एका शाळेत मास्तर होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यानं भांडून पाहिलं, मग समजावून पाहिलं, आणि शेवटी नाद सोडला. आपलं जेवण आटोपून तो तिचं ताट झाकून ठेवी. मुलगा आयुष शिकायला नागपूरला गेला तेव्हा त्याला सोडायलाही राजदीप एकटाच गेला. दवाखान्यात तिच्या हाताखाली सुगंधाबाई होत्या, पन्नाशी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या. केसपेपर, मलमपट्टी, झाडलोट सगळं त्यांच्याकडे. मॅडम असेपर्यंत त्याही असत.

भात लावायचे, रोवणीचे दिवस होते. बांधीत दिवसभर चिखलात उभं राहून बायांच्या पायांना चिखल्या झालेल्या, तापाची साथ आलेली, आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसायला जागा नाही. कित्येक रात्री रंजीताची झोप तुकड्यातुकड्यानं झाली होती. त्या दिवशी दुपार कलली तरी तिनं चहापलीकडे काही घेतलं नव्हतं.

एक बाई पाय ओढत आत आली. टाचेला काहीतरी लागून पाय सुजला होता, पू झाला होता.

"नाव काय?" रंजीतानं मान वर न करता विचारलं.

बाई थोडी थांबली. "मॅडम, मी ठमा. मुखरूच्या घरची."

"पाय वर घ्या." रंजीतानं जखम पाहिली, दाबून पाहिली. मग कपाटातून बाटली काढली, सुई भरली. हात सवयीनं चालत होते. दंडाला कापूस लावला तेव्हा ठमाबाई हळूच म्हणाली, "मॅडम, मागच्या साली मले हेच सुई लागली नव्हती ना? तकलीफ झाली होती ते?"

डॉक्टरला असं विचारू नये, हे तिच्या आवाजात पुरतं भरलेलं होतं. विचारलं तेच चुकलं, अशा भावानं ती जवळजवळ हसलीसुद्धा.

रंजीताचा हात जागच्या जागी थांबला. तिनं पहिल्यांदा त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा दवाखान्यातून सुई घेऊन आलेली ही बाई याच टेबलावर निळी पडली होती. तोंड सुजून डोळे मिटले होते, श्वास अडकला होता. रंजीतानंच तिला ओढून परत आणलं होतं, उजाडेपर्यंत तिचा हात धरून बसली होती, आणि हे औषध पुन्हा कधी घ्यायचं नाही म्हणून तिच्याकडून चार वेळा वदवून घेतलं होतं. आज तीच बाई समोर बसून आपलं नाव सांगत होती आणि रंजीताला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं.

तिनं भरलेली सुई ट्रेमध्ये ठेवली. "बरं केलं सांगितलं," ती म्हणाली. दुसरं औषध दिलं, पट्टी सुगंधाबाईंना करायला सांगितली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर लोक खोकत, बोलत, वाट पाहत होते. थोड्या वेळानं ती तोंड धुऊन परत आली आणि उरलेले रोगी तिनं एकेकाचं नाव दोनदा विचारून तपासले.

संध्याकाळी राजदीपला तिनं सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला.

"चूक होते, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "पण मी तिले ओळखलंच नाई. एक रात्र जिच्यासाठी काढली तिचं तोंड मले आठवलं नाई. मले फक्त पाय दिसला."

राजदीपनं तिच्यापुढं ताट सरकवलं. मग म्हणाला, "बाबा रेस्ट घेत होते."

"काय?"

"तुझे बाबा. रेल्वेची हप्त्याची सुट्टी. 'आज माहा रेस्ट आहे' म्हणत आणि गरी घेऊन बोडीवर जाऊन बसत. साहेब बोलवायला आला तरी उठत नव्हते. तूच सांगितलं होतं मले, लग्न झाल्यावर. तू त्यांच्यासंगं बसत होती म्हणे."

रंजीता त्याच्याकडे पाहत राहिली. हे तिनंच सांगितलं होतं, आणि ते तिच्या मनातून पार निघून गेलं होतं. बापाचं ते एक वाक्य तेवढं तिनं धरून ठेवलं होतं. बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीवर तासन् तास न बोलता बसलेला बाप, त्याच्या मांडीला टेकून पेंगणारी आपण, गरी हलली की तिच्या खांद्यावर पडणारं त्याचं बोट, हे सगळं कुठं राहून गेलं ते तिला सांगता येईना.

त्याच आठवड्यात तिनं पेंटरकडून पाटी लिहून घेतली. 'रविवारी दवाखाना बंद राहील.' सुगंधाबाईंनी ती पाटी दोनदा वाचली. "लोकं काय म्हणतील, मॅडम?" एवढंच त्या म्हणाल्या.

लोक पुष्कळ काही म्हणाले, पण तोंडावर नाही.

पहिला रविवार काढणं फार कठीण गेलं. दिवस कसा घालवायचा हेच तिला कळेना. तिनं कपाटं आवरली, आयुषला फोन केला, त्याला नवल वाटलं. जेवून आडवी झाली तर डोळा लागेना. दुपारी कुणीतरी दार ठोठावलं तशी ती जवळजवळ धावतच गेली. एका पोराचं बोट विळ्यानं कापलं होतं. तिनं टाके घातले आणि घरात येऊन बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की दिवसभरात बरं वाटलं ते तेवढाच वेळ. त्या जाणिवेनं तिला भीती वाटली.

पुढच्या रविवारी राजदीपनं तिला काही न विचारता मोटारसायकलवर बसवलं आणि वैनगंगेवर नेलं. पाऊस ओसरला होता, पण नदी अजून दोन्ही काठ धरून होती. जांभळीच्या सावलीत सतरंजी टाकली. राजदीपनं गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून त्यात पुरले, वांगी भाजायला घातली. तिथं फोनला रेंज नव्हती. रंजीतानं तीन-चारदा फोन काढून पाहिला आणि मग पर्समध्ये खोल टाकून दिला. गरम पानग्यावर तूप घालून वांग्याच्या भरताशी खाताना तिला आठवलं की गरम जेवण किती दिवसांनी जेवतो आहोत. जेवण झाल्यावर ती सतरंजीवर कलंडली आणि झोपली. जागी झाली तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूला गेलं होतं आणि तिच्या गालावर सतरंजीचे वण उमटले होते. राजदीप ते पाहून हसला. तीही हसली, आणि आपला आवाज आपल्यालाच अनोळखी वाटतो आहे असं तिला वाटलं.

असे रविवार होऊ लागले. सोमवारी खुर्चीवर बसताना तिला फरक कळे. कोण आलं, कुणाची कोण, मागं काय झालं होतं, हे पुन्हा आपसूक आठवू लागलं. एके दिवशी सुगंधाबाई पट्ट्या कापता कापता मध्येच म्हणाल्या, "काल नागभीडले गेली होती, लेकीकडे. नातवानं मले ओळखलं. आधी पाहिलं का रडत होता." आणि पुन्हा पट्ट्या कापू लागल्या.

रंजीता त्यांच्या हातांकडे पाहत राहिली. आपण उठत नाही म्हणून ही बाई इतकी वर्षं उठली नव्हती, हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

दिवाळी गेली. धान कापून झालं आणि चुरण्याची, मळणीची घाई सुरू झाली. थ्रेशर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत फिरत होतं, ज्याचा नंबर लागेल त्यानं दिवस-रात न पाहता रचलेल्या धानाचं पुंजणं मोकळं करून घ्यायचं. अशाच एका रविवारी ठमाबाईचा नवरा मुखरू थ्रेशरजवळ भारे देता देता खाली बसला. छातीवर हात धरला, घामानं चिंब झाला. त्याचा धाकटा भाऊ सुकलू आणि आणखी दोघांनी त्याला गावातल्या बिरजूच्या ऑटोत घातलं आणि आधी दवाखान्यात आणलं. दार बंद होतं. सुकलूनं दार बडवलं, मागच्या बाजूनं जाऊन हाका मारल्या, फोन लावला. फोन लागला नाही. मग ऑटो ब्रह्मपुरीच्या रस्त्याला लागला. मुखरू गावाबाहेरचा नाला ओलांडल्यावर थोडाच वेळ जिवंत राहिला.

दिवस मावळायच्या सुमारास रंजीता आणि राजदीप परतले तेव्हा चौकात माणसं उभी होती. मोटारसायकल पाहून ती बोलायची थांबली. कुणी शिवी दिली नाही, कुणी वाट अडवली नाही. बिरजू पुढं आला आणि त्यानं काय झालं ते सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे पाहत नव्हता, तिच्या पायांकडे पाहत होता. तिच्या सँडलला नदीची ओली वाळू चिकटलेली होती.

दुसऱ्या दिवशी, मुखरूला पोचवून माणसं परतल्यावर, ती त्याच्या घरी गेली. राजदीप सोबत येतो म्हणाला तर तिनं नको म्हटलं. अंगणात सुकलू बसला होता. तो उठून आत न जाता बाहेर निघून गेला. ठमाबाई परसात भिंतीला टेकून बसली होती, शेजारच्या बायांनी तिच्याजवळ चहाची कपबशी ठेवली होती आणि चहावर साय धरली होती.

रंजीता तिच्यासमोर खालीच बसली. 

"तुम्ही राह्यल्या असत्या तं वाचला असता काय तो?" ठमाबाईनं विचारलं.

रंजीता वाटेनं येताना या प्रश्नाची तयारी करत आली होती. धीराची वाक्यं तिला पाठ होती, रोज कुणाला ना कुणाला ती सांगावी लागत. आता त्यांतलं एकही तिला बोलवेना.

"मले माहीत नाई, ठमाबाई," ती म्हणाली. "एक गोळी देता आली असती. ऑक्सिजन लावता आला असता. त्यानं ब्रह्मपुरीपर्यंत तग धरला असता, कदाचित. कदाचित नसता. पण मी नव्हती, हे खरं आहे."

ठमाबाईनं मान हलवली, जणू एवढंच तिला ऐकायचं होतं. मग परसातल्या लाकडांकडे पाहत ती बोलू लागली. "दसऱ्यापासून म्हणत होता, छातीत जळजळते. मी म्हटलं चल मॅडमकडे. म्हणे, धान कापून होऊ दे. कापून झालं. मी म्हटलं आता चल. म्हणे, चुरून होऊ दे, नंबर जाईन. शनिवारी तुमचा दवाखाना उघडाच होता. तो वावरात होता." ती थांबली. "मले तुमचा राग आहे मॅडम, खोटं काऊन बोलू. पण त्याचा जास्त आहे. आता तो इथी नाई तं कोणाले बोलू?"

रंजीता बसून राहिली. बाया येत होत्या, जात होत्या. ती उठली तेव्हा ठमाबाईनं तिला ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी तिनं दवाखाना उघडला. पाटी काढून आतल्या खोलीत कपाटामागं ठेवली. राजदीपनं विचारलं, "असं किती दिवस?" तिनं चपला घातल्या आणि निघाली. पुढच्या रविवारीही उघडला, त्याच्या पुढच्याही. येणारे लोक नेहमीसारखे बोलत, पण कुणी नुसतं "रविवार" म्हटलं तरी तिला वाटे, आता हा मुखरूचं नाव काढेल. ती आधीपेक्षाही जास्त बसू लागली. पुन्हा ताट झाकून ठेवलं जाऊ लागलं. थंडी वाढली.

एके दुपारी तिला दिसलं की सुगंधाबाई ओट्यावर बसून खोकताहेत, तोंडाला पदर लावून, आत आवाज जाऊ नये म्हणून. तिनं त्यांना आत घेतलं, छाती तपासली. ताप अंगात मुरलेला होता.

"कधीपासून?"

"झाले असतील बरेच दिवस."

"सांगितलं काऊन नाई? आणि रविवारी तरी घरी राहा लागत होतं. लेकीकडे जायचं होतं."

सुगंधाबाई टेबलावरून उतरल्या, पदर सारखा केला. "तुम्ही बसल्या तं मी कशी जाऊ, मॅडम?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर रंजीताला सोपं गेलं असतं. तिनं त्यांना औषधं दिली, बिरजूच्या ऑटोत बसवून घरी पाठवलं आणि दार आतून लावून घेऊन रिकाम्या खोलीत बसली. मुखरूसाठी म्हणून ती रविवारी बसत होती. पण मुखरूला त्याचं काही नव्हतं. थकलेल्या हातानं ठमाबाईला भरलेली ती सुई आणि थकलेल्या अंगानं भारे देणारा मुखरू, ही दोन्ही तिला त्या दुपारी एकमेकांशेजारी दिसली, आणि तिसरी, ओट्यावर पदरात खोकणारी सुगंधाबाई. बापानं तिला जे ध्यानात ठेवायला सांगितलं होतं त्यात हे बसत नव्हतं. बापानं बोडीवर बसून जे न बोलता सांगितलं होतं त्यात बसत होतं. पण बाप रुळावरून उठून गेला तेव्हा त्याच्या जागी दुसरा गँगमन रूळ पाहत असे. तिनं उठताना कुणालाच आपल्या जागी बसवलं नव्हतं. चूक तिथं झाली होती, आणि ती दुरुस्त करण्यासारखी होती.

पलीकडच्या गावी डॉक्टर गुणवंतराव होते, तिच्यापेक्षा वयानं बरेच मोठे, फटकळ. त्यांच्याशी तिचं कधी फारसं जाणं-येणं नव्हतं. ती त्यांच्याकडे गेली आणि सरळ बोलली. गुणवंतरावांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझी सुट्टी कोण सांभाळणार? मी पण माणूस आहे ना बाई."

"तुम्ही सांगाल तो वार मी तुमच्या गावचे पाहीन. रविवारी आमचे तुम्ही पाहा."

म्हातारा चष्मा पुसत राहिला. "बुधवार," तो शेवटी म्हणाला. "बुधवारी माझ्या मंडळीचा बाजार असतो. कधी गेलो नाही तिच्यासोबत."

मग तिनं सरपंचाला सांगून ग्रामपंचायतीत लोकांना बोलावलं. बरीच माणसं आली. तिनं सांगितलं की रविवारी दवाखाना बंद राहील. त्या दिवशी बिरजूचा ऑटो चौकात उभा राहील आणि रोग्याला थेट गुणवंतरावांकडे नेईल. छातीत कळ आली तर लगेच चावून खायची गोळी पंचायतीत, शाळेत आणि बिरजूजवळ ठेवलेली असेल, ती कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे ती स्वतः शिकवेल. लोक ऐकत होते. मागून सुकलू उठला.

"माहा भाऊ त्या दारासमोर मेल्यासारखा पडला होता मॅडम. मी बडवत होतो. तुम्ही नदीवर होत्या."

"हो," रंजीता म्हणाली. "होती."

"आणि अजून जाणार आहा?"

सगळी सभा तिच्याकडे पाहत होती. "जाणार आहो, सुकलूभाऊ. तुमच्या भावाच्या वेळी मी मागं कोणाले ठेवून गेली नाई, ती माही चूक. ती मी जन्मभर विसरणार नाई. पण मी थकून बसली तं माह्याच हातानं कोणाचा तरी जीव जाईन. त्याचं मले जास्त भेव वाटते."

सुकलू उभाच राहिला, मग चप्पल पायात घालून निघून गेला. त्यानंतर त्याच्या घरचं कुणी तिच्या दवाखान्यात आलं नाही. ते ब्रह्मपुरीला जात. रस्त्यात भेट झाली तर तो मान फिरवी. ते तसंच राहिलं.

ठमाबाईकडे मात्र रंजीता मधूनमधून जात होती, तिचं ब्लडप्रेशर पाहायला. ते चढलेलं असे. धान घरी आल्यावरही ठमाबाई थांबली नव्हती. सकाळी स्वतःच्या बांधीतल्या लाखोळीच्या शेंगा, दुपारी दुसऱ्याच्या वावरात मजुरी, संध्याकाळी सरपण.

"झोप येते काय?" रंजीतानं एकदा विचारलं.

"नाई येत. घरी बसली का तो दिसते. म्हणून काम करत राह्यते."

रंजीतानं पट्टा सोडवला, गुंडाळला. जायला उठली आणि तशीच उभी राहून म्हणाली, "रविवारी माह्यासंगं येता काय, नदीवर?"

"काय काम आहे तिथी?"

"काहीच नाई."

ठमाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की रंजीताला वाटलं, आपण नको ते बोललो. ज्या नदीपायी हिचा नवरा दारातून परत गेला, तिथं हिला बोलावतो आहोत. ती काहीतरी पुटपुटून निघाली.

माघ संपत आला. पळसाला पानं उरली नव्हती, फुलं यायला लागली होती. एका रविवारी सकाळी ती आणि राजदीप निघाले तर गावाबाहेर रस्त्याच्या कडेला ठमाबाई उभी होती. धुतलेलं लुगडं, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. राजदीपनं गाडी थांबवली. मोटारसायकलवर तिघं मावणार नव्हती, म्हणून राजदीपनं बिरजूला फोन केला, आणि बिरजूनं आपल्या पुतण्याला दुसरा ऑटो घेऊन पाठवेपर्यंत तिघंही रस्त्यावर थांबली. चौकातला ऑटो हलवायचा नाही, हे बिरजूला कुणाला सांगावं लागलं नाही.

नदीवर पोचल्यावर ठमाबाईला बसता येईना. तिनं काड्या गोळा केल्या, गोवऱ्या रचल्या, पानगे थापले, भांडी वाळूनं घासली. राजदीप तिला थांबवायला गेला तर रंजीतानं खुणेनं नको म्हटलं. जेवणं झाली. करायला काही उरलं नाही तेव्हा ठमाबाई काठाशी जाऊन उभी राहिली. रंजीता तिच्याजवळ गेली.

"लग्न होऊन आली तेव्हापासून ही नदी इथंच आहे," ठमाबाई म्हणाली. "सासऱ्याले पोचवायले आली होती, सासूले आली होती, त्याले पोचवायले बायकोले आणत नाई म्हणून आली नाई. अशी कधी आली नाई. तो म्हणत होता एकदा, चल, जाऊ नदीवर. नवीन लग्न होतं. मी म्हटलं, रोवणा कोण करन?"

ती काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. टाचेवरचा जुना व्रण पाण्यात पांढरा दिसत होता. बऱ्याच वेळानं तिचे खांदे हलायला लागले. रंजीता तिच्या शेजारी बसली आणि तिनंही पाय पाण्यात सोडले. पलीकडे कुणीतरी होडीतून जाळं टाकत होतं. ठमाबाईचं रडणं आपलं आपण थांबलं. तिनं पाण्यानं तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "थोडी पडू काय?"

"पडा ना."

जांभळीखाली सतरंजीवर ती कुशीवर झोपली, हात डोक्याखाली घेऊन. झोप इतक्या लवकर लागली की रंजीतानं सवयीनं तिचा श्वास पाहिला. तो संथ होता. सावली सरकली तशी राजदीपनं चादर दोन फांद्यांना बांधून तिच्या तोंडावरचं ऊन अडवलं.

ऊन उतरलं, वारा गार व्हायला लागला. वर रस्त्यावर, परत न्यायला आलेल्या बिरजूच्या पुतण्याच्या ऑटोचा हॉर्न वाजला. राजदीप उठला, भांडी पिशवीत भरली. "उठवायचं काय हिले?" त्यानं हळूच विचारलं.

रंजीतानं मान हलवली. "नको. त्याले म्हणा, चहा पिऊन ये."

राजदीप वाळूतून वर चढत गेला. रंजीतानं आपली ओढणी काढून ठमाबाईच्या पायांवर घातली आणि तिच्या उशाशी बसून राहिली.